पणजीच्या मळ्यातील एक रस्ता

डिचोलीहून पणजीस जाण्यास आज अनेक मार्ग आहेत. ज्यास कचेरीची वेळ गाठावयाची असते तो म्हापशावरून मोटारीने जातो आणि मांडवीवरील पुलावरून थेट शहरात उतरतो. परंतु ज्याच्या हाताशी एखादा रिकामा प्रहर असेल त्याने मये गावातून चोडणास जावे, फेरीबोटीने मांडवी ओलांडून रायबंदर गाठावे आणि तेथून खाजणे व मिठागरे यांच्यामधून काढलेल्या जुन्या बांधरस्त्याने पणजीत प्रवेश करावा, असे आमचे सांगणे आहे. हा बांधरस्ता व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याने १६३३-३४ मध्ये बांधविला. सुमारे तीन किलोमीटर लांबीचे हे काम झाले तेव्हा पणजी हे शहर नव्हते. नदीकाठचा आदिलशाही वाडा, थोडी घरे, माड आणि दलदल एवढाच त्या गावाचा पसारा होता. रस्ता आधी आला आणि शहर त्याच्या टोकाशी दोनशे वर्षांनी येऊन वसले, असा हा उलटा क्रम आहे.

हा बांधरस्ता जेथे संपतो तेथे एक खाडी आडवी येते. खाडीपलीकडे आल्तिनोची टेकडी उभी आहे. खाडी आणि टेकडी यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी उरली आहे तीवर, एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून उभ्या राहिलेल्या तांबड्या, पिवळ्या, निळ्या घरांची एक वस्ती आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत तिचे नाव फोंताइन्यास; आपले लोक तिला मळा म्हणतात. या वस्तीतून जाणाऱ्या मुख्य रस्त्याचे नाव रुआ ३१ दे जानेरो असे आहे. प्रस्तुत लेखात या रस्त्याची व त्यावरील वास्तूंची हकीकत सांगण्याचा आमचा विचार आहे.

वाचकांपैकी काहींच्या मनात येथेच शंका येईल. देवळे, महाजन, उत्सव आणि संतवाङ्मय यांस वाहिलेल्या या पानांत ख्रिस्ती वस्तीतील एका रस्त्याचे काय काम? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देण्यासाठीच आम्ही लेखणी हाती घेतली आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज २०२१ पर्यंत आल्तिनोवरील जुन्या लिसेवच्या इमारतीत चालत असे. वकिलीच्या पहिल्या पंधरा वर्षांत, सुनावणी आटोपली की टेकडीच्या पायऱ्या उतरून आम्ही याच रस्त्याने बसथांब्याकडे जात असू. प्रथम आम्हांसही तो परक्यांचा रस्ता वाटे. पुढे पुढे मात्र त्यातील एकेक दगड आमच्या पेडण्या-डिचोलीच्या हकिकतीशी बांधलेला आहे असे दिसू लागले.

प्रथम नावाचाच विचार करू. ‘फोंताइन्यास’ म्हणजे लहान झरे. आल्तिनोच्या पायथ्याशी पाझरणाऱ्या झऱ्यांवरून हे नाव पडले. त्यांपैकी मळ्यातील फोंत फेनिक्स हा झरा आजही दाखविला जातो. ‘मळा’ या शब्दाचा अर्थ मराठी वाचकास सांगणे नको. दोन्ही नावे एकत्र ठेवली म्हणजे घरे होण्यापूर्वी ही जागा कशी होती याचे चित्र समोर येते: वर जांभ्या दगडाची टेकडी, तिच्यातून झिरपणारे गोडे पाणी, त्या पाण्यावर पोसलेला मळा आणि खाली भरती-ओहोटीची खाडी. राज्यकर्त्यांच्या भाषेने झरा टिपला, रयतेच्या भाषेने शेत टिपले, जागा एकच.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे अंतोनियो जुवांव द सिकैरा नावाच्या गृहस्थाचा माडांचा बागाईत होता. या गृहस्थाने आफ्रिकेतील मोझांबिक येथे राहून पैसा मिळविला होता आणि त्यावरून लोक त्यास ‘मोसमीकार’ म्हणत. म्हणजे गोव्यातील माणूस परमुलखात जाऊन पैसा आणतो व तो गावच्या जमिनीत घालतो, ही आपल्या ओळखीची रीत या रस्त्याच्या जन्मापासूनच दिसते. त्याच काळात जुने गोवे रोगराईने ओस पडत चालले होते. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलविला. राजधानी हलली की तिच्यामागून कारकून, वकील, शिपाई, पाववाले, शिंपी आणि धोबी हलतात. या मंडळींस राहण्यास जागा हवी होती. नदीकाठ सरकारी इमारतींनी व्यापला, तेव्हा वस्ती टेकडीस वळसा घालून मळ्यात शिरली. पुढे १८२७ ते १८३५ या काळात कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू याने दलदली बुजवून व वाळूच्या टेकड्या सपाट करून पणजीस शहराचा आकार दिला, आणि २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने ‘नोव्हा गोवा’ या नावाने ती रीतसर राजधानी झाली. मळ्यातील वस्ती ही या नव्या शहराचे उपनगर होय. तिच्यात राजवाडा नाही, मोठे चर्च नाही, सरकारी कचेरी नाही. आहेत ती नोकरदारांची व लहान व्यावसायिकांची घरे. इतिहासकारांचे लक्ष अशा ठिकाणी क्वचितच जाते.

आता रस्त्याने चालावयास लागू. उत्तरेकडून शिरले असता प्रथम सांव तोमे हा भाग लागतो. येथील टपाल कचेरीची इमारत पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची होती, आणि तिच्या समोरच्या चौकाविषयी एक कठोर आठवण परंपरेने चालत आली आहे. पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा एक कट १७८७ मध्ये उघडकीस आला. कांदोळीच्या पिंतो घराण्याच्या नावाने तो ओळखला जातो. कटवाल्यांत गोमंतकीय ख्रिस्ती पाद्री व सैनिक होते; देशी म्हणून त्यांना वरच्या जागा नाकारल्या जात, हे त्यांचे मुख्य शल्य होते. त्यांपैकी पंधरा जणांस डिसेंबर १७८८ मध्ये फाशी दिली गेली. ती याच चौकात, असे परंपरा सांगते. पेडण्याच्या वाचकांनी हे साल ध्यानात ठेवावे. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला तोही १७८८ सालीच. डिचोली व सत्तरी त्याआधीच, १७८१-८२ च्या सुमारास, गेले होते. एकीकडे सत्तेची सीमा तेरेखोलपर्यंत वाढत होती आणि दुसरीकडे राजधानीत तिच्याच धर्माचे, तिच्याच शाळांत शिकलेले लोक तिच्याविरुद्ध उभे राहत होते. शासन ख्रिस्ती होते म्हणून ख्रिस्ती रयत सुखी होती, असा जो सोपा समज आपल्यात आढळतो, तो या चौकात उभे राहिल्यावर टिकत नाही.

येथून पुढे रुआ ३१ दे जानेरो. या तारखेचा अर्थ वाटाडे बहुधा असा सांगतात की, पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाले त्याची ही आठवण. ते खरे नव्हे. स्पेनविरुद्धचा तो उठाव १ डिसेंबर १६४० चा. ३१ जानेवारी ही तारीख निराळी आहे: १८९१ मध्ये त्या दिवशी पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा पहिला उठाव झाला व तो त्याच दिवशी मोडून काढण्यात आला. एकोणीस वर्षांनी, ५ ऑक्टोबर १९१० रोजी, राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. पोर्तुगालमधील शहरांतून या तारखेच्या नावाचे जे रस्ते आहेत ते त्या फसलेल्या उठावाच्या सन्मानार्थ होत. आमच्या या रस्त्याचे नावही त्याच कुळातील आहे, असे आमचे मत आहे.

तपशील क्षुल्लक वाटेल, पण तो आपल्या समाजास जवळचा आहे. प्रजासत्ताकाने एप्रिल १९११ च्या कायद्याने धर्मसंस्था आणि राज्य यांची फारकत केली. जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बार्देश व साष्टी या प्रांतांत, हिंदूंच्या उघड उपासनेवर सोळाव्या शतकापासून जी बंधने लादली गेली होती, ती काळाच्या ओघात सैल झाली होती खरी. परंतु हिंदू हा कायद्याच्या दृष्टीने बरोबरीचा नागरिक ठरला तो प्रजासत्ताकाच्या आगमनाने. सरकारी नोकऱ्या, शिक्षण, वृत्तपत्रे व संस्था यांत गोमंतकीय हिंदू समाज त्यानंतरच्या वर्षांत पुढे आला. ही मोकळीक फार काळ टिकली नाही. १९२६ च्या लष्करी उठावानंतर व पुढे सालाझारच्या राजवटीत ती आकसली. तथापि, या रस्त्याच्या नावाची पाटी आपण वाचतो तेव्हा एका अर्थी आपल्याच हक्कांच्या इतिहासातील तारीख वाचत असतो.

घरांकडे पाहू. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, वर चुन्याचा गिलावा व त्यावर रंग. पावसाळ्यानंतर दरवर्षी दर्शनी भिंत रंगविली पाहिजे आणि पांढरा रंग देवालयासाठी राखून ठेवला पाहिजे, असा पोर्तुगीज अमदानीतील दंडक येथील लोक सांगतात. दरवाजास लागून बसावयाची बाके असलेला बाल्कांव, वरच्या मजल्यावर बीडाच्या किंवा लाकडी कठड्याचा अरुंद सज्जा, आणि काही जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसविलेल्या खिडक्या, ही येथील ठळक लक्षणे. छपरावरील कौल मंगळुरी आहे. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरील देऊळ, मशीद, चर्च व घर या सर्वांच्या डोक्यावर एकच छप्पर आले. दारावर नावाच्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरश्या दिसतात त्यांस ‘आझुलेजु’ म्हणतात, आणि हा शब्द मुळात अरबी. म्हणजे ज्यास आपण ‘पोर्तुगीज घर’ म्हणतो त्यात चिरा गोव्याचा, शिंपला आमच्या खाड्यांचा, कौल जर्मनांनी शिकविलेले, शब्द अरबांचा आणि पैसा पुष्कळदा आफ्रिकेचा असतो. चिरे काढणारे, चुना भाजणारे व लाकूड तासणारे हात तर याच भूमीतील होते.

पेडणे-डिचोलीकडील जुन्या हिंदू घराशी याची तुलना केली असता खरा भेद ध्यानात येतो. आपले घर आत तोंड करून बसते. रस्त्याच्या बाजूस जाड भिंत व लहान खिडक्या. मध्यभागी राजांगण, राजांगणात तुळस, सभोवार सोपे व खोल्या. पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा घ्या किंवा कोणत्याही गावातील शणै मंडळींचे चार पिढ्यांचे घर घ्या, घराचे हृदय आत आहे. मळ्यातील घर बाहेर तोंड करून बसते. त्याची संध्याकाळ बाल्कांवावर, येणाऱ्या-जाणाऱ्यास हाक मारण्यात जाते. असे असले तरी पणजीतच, आदिलशाही वाड्याच्या मागे, म्हामय कामतांचे घर उभे आहे. परदेशांशी व्यापार करणाऱ्या या घराण्याने राजधानीच्या मध्यभागी आत तोंड करून बसणारे घर सांभाळले, आणि तेथील अनंतव्रतास आजही भाविक जातात. एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर, दोन प्रकारची घरे नांदली, हेही पणजीचेच वैशिष्ट्य होय.

रस्त्याच्या दक्षिण टोकाशी सेंट सेबास्तियनचे पांढरे कपेल आहे. मूळ कपेल १८१८ सालचे. आताची वास्तू त्याच शतकाच्या उत्तरार्धातील. आत वेदीपाशी ख्रिस्ताची एक मोठी क्रूसमूर्ती आहे. सामान्यतः अशा मूर्तीचे मस्तक खाली कललेले व नेत्र मिटलेले असतात. या मूर्तीचे मस्तक ताठ आणि नेत्र उघडे आहेत. ही मूर्ती प्रथम कोठे होती, हे कळल्यावर त्या उघड्या नेत्रांकडे पाहणे कठीण जाते. ती जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातील आहे. १५६० मध्ये स्थापन झालेले ते धर्मन्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. तेव्हा मूर्ती पणजीच्या वाड्यात आणली गेली, आणि १९१८ मध्ये गव्हर्नरचा मुक्काम काबो येथे गेल्यावर तिला या गल्लीतील कपेलात जागा मिळाली.

आमचे पूर्वज ज्या न्यायासनाच्या भीतीने नदी ओलांडून गेले, त्या न्यायासनासमोरची ही मूर्ती. प्रथम ती पाहिली तेव्हा आम्ही पायरीवरूनच परतलो होतो, हे लपविण्यात अर्थ नाही. पुढे विचार केला तेव्हा जाणवले की, ही मूर्तीही विस्थापितच आहे. ज्यांनी तिच्यासमोर बसून निवाडे दिले ते गेले, त्यांचा वाडा जमीनदोस्त झाला, आणि आज तिच्यापुढे मेणबत्ती लावते ती मळ्यातील एखादी म्हातारी, जिचे स्वतःचे पूर्वज कदाचित त्याच न्यायासनापुढे थरथरत उभे राहिले असतील. कारण त्या न्यायालयाचा अंमल मुख्यत्वे बाटलेल्यांवर चाले, हे विसरता येत नाही.

देवांच्या विस्थापनाची हकीकत आपल्या समाजास शिकवावी लागत नाही. कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर. दिवाडी बेटावरील त्याचे देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले. भक्तांनी लिंग नदीपार आणून डिचोली महालातील नार्वे येथे स्थापिले, आणि १३ नोव्हेंबर १६६८ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्या देवळाचा जीर्णोद्धार झाल्याचा शिलालेख आजही तेथे आहे. ताळगावची श्रीमहालक्ष्मीही अशीच आमच्या मये गावी येऊन राहिली. ती मयेहून पणजीस गेली आणि तिच्या देवळास परवानगी मिळाली ती १८१८ साली. पुण्यात पेशवाई संपली तेच हे साल, आणि मळ्यातील कपेलही त्याच सालचे. जुन्या काबिजादीतील राजधानीत हिंदू देवळास उघड मान्यता मिळावी आणि शेजारच्या उपनगरात ख्रिस्ती नोकरदारांनी आपले लहानसे कपेल उभारावे, या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. नवे शहर दोघांनाही एकाच वेळी आपलेसे करावे लागले होते, असाच याचा अर्थ आम्ही करतो. विसाव्या शतकात आल्तिनोच्या उतारावर, मळ्याच्या माथ्यावर, मारुतीचे देऊळ उभे राहिले. आज मारुतीची जत्रा भरते तेव्हा खाजे-लाडवांची दुकाने या ख्रिस्ती घरांच्या आसपासच मांडलेली असतात.

आता आमच्या व्यवसायाकडे वळतो, कारण या रस्त्याचे भवितव्य स्थापत्यापेक्षा कायद्यावर अवलंबून आहे. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली, आणि विवाह व वारसा यांसंबंधीची तिची तत्त्वे आजही आपणांस बांधून आहेत. ती आता भारतीय कायद्याचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. या संहितेप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसल्यास पती-पत्नीची सर्व मालमत्ता एकत्र होते व प्रत्येकाचा तीत निम्मा भाग असतो. पित्यास मृत्युपत्राने अर्ध्याच मालमत्तेची मनाप्रमाणे वाट लावता येते. उरलेला अर्धा भाग अपत्यांचा, आणि त्यांत मुलगा-मुलगी असा भेद नाही. हे नियम न्याय्य आहेत, आणि पेडण्यातील हिंदू व मळ्यातील ख्रिस्ती यांस ते बहुतांशी एकाच मापाने लागतात, ही गोष्ट अभिमानाचीच आहे.

परंतु घरावर त्यांचा परिणाम काय होतो ते पाहा. एका गृहस्थाने घर बांधले. त्यास चार मुले, प्रत्येकास पुन्हा चार. तिसऱ्या पिढीत सोळा वारस आणि त्यांचे जोडीदार धरून बत्तीस सह्या. त्यांपैकी काही लिस्बनला, काही लंडनला, काही टोरांटोस. घर विकण्यास सर्वांची संमती लागते, आणि ती मिळत नाही. म्हणून कित्येक घरे बिल्डरच्या हातून वाचली. पण छप्पर बदलण्याचा खर्चही कोणी एकटा उचलीत नाही. जेथे भाडेकरू आहेत तेथे १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस योग्य ते संरक्षण दिले, परंतु जुन्या भाड्यात घराचा चुनाही निघत नाही, असे मालक सांगतात. म्हणजे ज्या कायद्याने हा रस्ता राखला तोच त्यास झिजवीतही आहे. एका दुपारी बाल्कांवावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थास आम्ही सहज म्हणालो, ‘बाब, घर बरें सांबाळ्ळां.’ ते हसले व म्हणाले, ‘वकीलबाब, हें घर म्हजें न्हय, आमचें सगळ्यांचें, देखून कोणाचेंच न्हय.’ संहितेवरील याहून नेमके भाष्य आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही.

याच्या उलट आपल्या देवस्थानांची व्यवस्था पाहावी. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १८८६ च्या व नंतर १९३३ च्या महाजनकीच्या नियमावलीने चालतो. महाजनांत भांडणे होतात, आणि ती सोडविण्यात वकिलांची बरीच वर्षे जातात, हे आम्ही जाणतो. तथापि त्या व्यवस्थेतील मूळ तत्त्व मोठे आहे: महाजनकी वारशाने येते, पण वाटा वारशाने येत नाही. देवाची मालमत्ता देवाची. महाजन कितीही वाढोत, गाभाऱ्याचे तुकडे होत नाहीत. म्हणूनच तीनशे-चारशे वर्षे विस्थापन सोसूनही देऊळ उभे राहते, आणि दोनशे वर्षांचे घर तिसऱ्या पिढीत मोडकळीस येते. मयेकरांस तर याहून कठीण अनुभव आहे. १९६१ नंतर निघून गेलेल्यांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली गावची जमीन आल्यामुळे, पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या घराखालची माती आपली नाही, अशा स्थितीत ते दशकानुदशके राहिले, आणि २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मालक फार झाले तर घर पडते; मालकी अनिश्चित राहिली तर घर दुरुस्त होत नाही. दोन्हींचा शेवट एकच.

सांप्रत मळ्यावर नवे संकट आले आहे, आणि ते कौतुकाच्या रूपाने आले आहे. या शतकाच्या आरंभी वारसाप्रेमी मंडळींनी येथे कलामहोत्सव भरविले, काही घरे दुरुस्त झाली, आणि त्यामुळे लोकांचे डोळे उघडले, हे मान्य केले पाहिजे. परंतु आता रंगीत भिंतीपुढे उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी गर्दी होते की, घरातील माणसास स्वतःच्या दारात बसण्याची चोरी झाली आहे. कित्येक घरांची खाणावळ, पथिकाश्रम किंवा चित्रांचे दुकान झाले. त्यात वाईट असे नाही; छप्पर तरी गळत नाही. पण बाल्कांवावर बसून हाक मारणारे शेजारी निघून गेले तर उरेल तो रंगविलेला पडदा.

उपाय सांगण्याचा अधिकार मळेकरांचा. तरी वकील या नात्याने एक सूचना करतो. घराच्या वारसांनी वाटणीची दावेदारी बाजूस ठेवून, महाजनांच्या धर्तीवर, घरासाठी एक संस्था करावी. प्रत्येकाने सभासदत्व घ्यावे, वाटा मागू नये. घराचे उत्पन्न प्रथम घराच्या छपरावर खर्च व्हावे. आपल्या देवळांनी जे शिकविले ते ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरास उपयोगी पडले तर त्यात आपला मान वाढेल.

दुसरी सूचना मात्र आपल्यासाठी आहे. आम्ही मळ्यातील घरांचे कौतुक करून डिचोलीस परततो तेव्हा वाटेत काय दिसते? नार्वे येथील सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन २०२३ मध्ये देऊळ भाविकांस पुन्हा खुले झाले, हे भूषण खरे. पण गावोगावी जुने लाकडी सभामंडप पाडून सिमेंटचे उभारले गेले, देवळाभोवतीच्या अग्रशाळा मोडल्या, आणि देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरची राजांगणाची घरे एकामागून एक जात आहेत. मळ्यातील रस्त्यावर परदेशी लोक पुस्तके लिहितात. आपल्या देवळासमोरच्या रस्त्यावर कोणते घर कोणी, केव्हा बांधले हे त्या घरातील तरुणासही सांगता येत नाही. परकीयांनी आपले देव हलविले म्हणून आपण आजवर दुःख केले. आपल्याच हाताने आपण देवाचे शेजार हलवीत आहोत, याचे दुःख कोण करणार?

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. आपापल्या देवळासमोरच्या वाटेवरून एकदा सावकाश चालावे. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून प्रत्येक घराचे साल, बांधणाऱ्याचे नाव, चिरे कोणत्या खाणीचे, राजांगणात तुळस कोणी लाविली, घर सध्या कोणाकोणाच्या नावावर आहे, हे एका वहीत टिपून ठेवावे. ही वही कोर्टात पुरावा म्हणून चालेल की नाही, याची हमी आम्ही देत नाही. परंतु ज्या रस्त्याची हकीकत कोणीतरी लिहून ठेवली आहे तो रस्ता पाडताना माणसाचा हात क्षणभर तरी थांबतो, हा आमचा अनुभव आहे. आणि पुष्कळदा तो एक क्षण पुरतो.